कावळा बसायला आणि फांदी मोडायला

नमस्कार. हा तांब्या बघा. जवळ धरतो, म्हणजे काठाखालची अक्षरं दिसतील. टिंबाटिंबांनी कोरलंय: ‘चि. सौ. कां. कमल हिस, मामाकडून’. तारीख 12-5-68.

आजीच्या वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी, रविवारी, हा मला जुन्या बाजारात मिळाला. माझ्या आजीचं नाव कमल. तांब्या तिचा नव्हे, तिचं लग्न 1961 सालचं. तरी तो हातात घेऊन मी तिथेच उकिडवा बसून राहिलो.

स्विस मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग अशा योगायोगाला ‘सिंक्रोनिसिटी’ म्हणायचा. दोन घटना, एकीमुळे दुसरी घडलेली नाही, पण ज्याच्या वाट्याला त्या येतात त्याला त्यांत अर्थ दिसतो. त्याच्याकडे एक बाई यायची, अतिशय तर्ककठोर, उपचार पुढेच जाईनात. एकदा ती स्वप्न सांगत होती: कुणीतरी तिला सोन्याचा भुंगेरा दिला, दागिना. तेवढ्यात खिडकीच्या काचेवर टकटक. युंगने खिडकी उघडली, आत आलेला हिरवट सोनेरी भुंगेरा पकडला आणि तिच्या हातात ठेवला. तिथून ती मोकळी झाली.

पुढे 1952 मध्ये युंगने हे निसर्गाचंच एक तत्त्व म्हणून मांडलं. ते मला पटत नाही. कारण हिशेब साधा आहे. नुसती 23 माणसं जमली, तरी त्यांत दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. त्या पिढीत कमल घरोघरी होत्या, आणि त्या सकाळी मी शंभर भांडी चाळली. बाकीची नावं कुठे आठवतात?

आजी स्वतःच म्हणायची, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. संस्कृतात त्याला काकतालीय न्याय म्हणतात. पण हिशेबाने फक्त ‘कसं घडलं’ सुटतं. ‘मी का बसून राहिलो’ हा प्रश्न वेगळा, आणि युंगने तो गांभीर्याने घेतला, म्हणून मला युंग महत्त्वाचा वाटतो.

आजीच्या दहाव्याला ओंकारेश्वरापाशी पिंडाला कावळा शिवेना. अर्धा तास गेला. शेवटी काका हात जोडून म्हणाला, “आई, ताईचं लग्न मी करून देईन.” आणि कावळा उतरला. आम्ही चार पावलं मागे सरलो होतो, तेवढ्याने त्याची भीती गेली असेल. काका मात्र तिथेच हमसून रडला, आणि यंदा वैशाखात ताईचं लग्न त्यानेच करून दिलं.