रिपोर्ट यायच्या आत

(दृश्य: एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग. सिरिंज पंप, हळूहळू सरकणारा दट्ट्या.)

या सिरिंजमध्ये असायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध आहे. किलोमागे 20 मिलिग्रॅम. बाळ तीन किलोचं, म्हणून 60. हा डोस शिरेतून जायला तास लागतो. घाईनं दिला तर औषधाचे स्फटिक मूत्रपिंडात अडकू शकतात. पुढचा डोस आठ तासांनी, मध्यरात्र असली तरी.

दुसऱ्या आठवड्यातलं हे बाळ दूध ओढेनासं झालं, मलूल पडलं. अंगावर फोड एकही नाही. तरीही डॉक्टरांनी हर्पिस सिम्प्लेक्स या फोड आणणाऱ्या विषाणूची शंका धरली आणि रिपोर्टची वाट न पाहता पंप लावला. आमच्या मते इथला खरा निर्णय तोच.

(दृश्य: नमुने घेताना.)

डोळे, तोंड, नाक, गुदद्वार, सगळीकडून स्वॅब. मग रक्त. मग पाठीतलं पाणी. सिस्टर बाळाला कुशीवर वळवतात, गुडघे पोटाशी घेतात, मान सांभाळतात. सुई कमरेच्या दोन मणक्यांमधून आत जाते. थेंब नितळ दिसले, तरी त्यात विषाणू नाही असं म्हणता येत नाही. ते पीसीआर, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी, ठरवणार.

(अ‍ॅनिमेशन: पेशी, विषाणू, औषधाचे रेणू.)

हे औषध निरोगी पेशीत जवळपास निजूनच असतं. विषाणूनं पेशीत शिरून स्वतःचं एन्झाइम तयार केलं, की तेच एन्झाइम औषधाला जागं करतं. मग विषाणूच्या डीएनएची साखळी अर्ध्यात तुटते. शत्रूच्याच हातून काम करून घ्यायचं! हे औषध अमेरिकेत बरोज वेलकम कंपनीत गर्ट्रूड एलियन यांच्या चमूनं विकसित केलं. 1988 च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलमध्ये त्या वाटेकरी होत्या. उपचार नव्हते तेव्हा यकृत-फुफ्फुसांत पसरलेल्या संसर्गात शंभरातली सुमारे 85 बाळं दगावत. आजच्या डोसनं हा आकडा तिसाच्या आसपास आला.

(दृश्य: बारसं. पाळण्याभोवती बायका.)

बहुतेक बाळांना, साधारण 85 टक्के, संसर्ग प्रसूतीच्या वेळी होतो. आईला पहिल्यांदाच आणि शेवटच्या आठवड्यांत लागण झाली असेल तर धोका सर्वांत जास्त, कारण तिच्या प्रतिपिंडांना बाळापर्यंत पोचायला वेळच मिळत नाही. यातल्या बहुतेक आयांना आपल्याला लागण आहे हे ठाऊकही नसतं, तेव्हा तिला बोल लावण्यात अर्थ नाही. कळा सुरू होताना जननमार्गावर फोड दिसले तर सिझेरियन करतात.

दहाएक टक्के बाळांना लागण होते ती जन्मानंतर. ओठावर ताप फुटलाय? तोही बहुधा याच विषाणूचा. मग आत्या असो की आजोबा, बाळाचा पापा घ्यायचा नाही. अंगावर पाजणं मात्र चालू ठेवायचं. स्तनावरच फोड असतील तर त्या बाजूनं नाही.

(दृश्य: वॉर्डातला फळा, तारखा.)

संसर्ग मेंदूपर्यंत गेला असेल तर शिरेतून 21 दिवस औषध, शेवटी पुन्हा पाठीतलं पाणी. काही मुलांना पुढे फिट्स येतात, चालणं-बोलणं मागे पडतं. घरी सहा महिने तोंडावाटे औषध, दिवसातून तीनदा. बाळ वाढेल तसा डोस वाढवायचा आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासत राहायचं.