मोत्यांची चादर गेली, भिंती राहिल्या

बडोद्याची मोत्यांची चादर ऐकलीय का? खंडेराव गायकवाडांनी १८६५ च्या आसपास करून घेतली, बसऱ्याचे लाखो मोती, मधेमधे हिरे, माणकं, पाचू, आणि बेत काय तर म्हणे मदिनेला पैगंबरांच्या कबरीवर पाठवायची. १८७० ला खंडेराव वारले, चादर काही गेली नाही, राजवाड्यातच राहिली. पुढे प्रतापसिंहरावांच्या महाराणी सीतादेवी तिला मोनॅकोला घेऊन गेल्या आणि २००९ मध्ये दोह्यात सदबीजच्या लिलावात ती साधारण ५५ लाख डॉलरला विकली गेली. आता बघायची असेल तर कतार गाठा.

(दृश्य : कमाटीबाग, रविवारची गर्दी)

आणि त्याच घराण्यातली ही दुसरी तऱ्हा. बडोद्याच्या कमाटीबागेतलं म्युझियम सयाजीरावांनी काढलं, १८९४ ला लोकांसाठी उघडलं. शेजारची पिक्चर गॅलरी १९१४ ला बांधून तयार होती पण उघडली १९२१ ला, कारण युरोपात घेतलेली चित्रं पहिल्या महायुद्धामुळे तिकडेच अडकून पडली होती, म्हणजे भिंती तयार, खिळे तयार, आणि चित्रांचा पत्ता नाही. आज बघा, पोरं देवमाशाच्या सांगाड्याखाली फोटो काढतात, ममीपुढे रांग लागते, आणि अकोट्याला सापडलेल्या जैन धातुमूर्तींपुढे फारसं कोणी थांबत नाही. अकोटा म्हणजे कुठे लांब नाही हो, इथलंच, बडोद्यातलंच! पाचव्या-सहाव्या शतकातल्या मूर्ती आहेत त्यात. पण यात दोष बघणाऱ्यांचा आहे असं मला वाटत नाही. आपल्याकडे एकूणच म्युझियमच्या पाटीवर काळ, माध्यम, सापडल्याचं ठिकाण, बास, एवढंच लिहायची पद्धत आहे, मग माणूस मूर्तीपुढे थांबून करणार काय? आणि गंमत म्हणजे वस्तू कशा मांडायच्या हे शिकवणारा विभाग याच गावात, सयाजीराव युनिव्हर्सिटीत, १९५२ पासून आहे.

(दृश्य : लक्ष्मीविलास पॅलेसचं आवार)

तिसरी तऱ्हा इथे. महाराजा फतेहसिंह म्युझियम, १९६१ चं, ट्रस्टचं. इमारत पूर्वी राजघराण्यातल्या मुलांची शाळा होती. रविवर्म्याचं काम बघायला लोक लांबून येतात ते इथेच. सयाजीरावांनी त्याच्याकडून पुराणातले १४ प्रसंग रंगवून घेतले, १८९० पर्यंत ते झाले, पण बडोद्याला यायच्या आधी ती चित्रं मुंबईत लोकांना बघायला ठेवली होती आणि तिथे ही गर्दी लोटली. राजाने पैसे मोजले, आणि आधी बघितली कोणी तर मुंबईच्या पब्लिकने! ती गर्दी बघितल्यावर छापखान्याचं मनात न आलं तरच नवल. १८९४ ला मुंबईत रविवर्म्याचा प्रेस सुरू झाला. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, एकाच कागदावर एकावर एक छाप, शेवटी वरून चकाकी. आणि मग लक्ष्मी-सरस्वती घरोघरी देवघरात.

मूळ तेलचित्र आणि छापील प्रत, दोन्ही एकदा जवळून बघाच. तेलरंगातली जरीची किनार नाकाजवळून बघितली तर नुसते पिवळे-तपकिरी फटकारे दिसतात, पाच पावलं मागे सरलं की जर चमकायला लागते. आणि जुन्या छापील लक्ष्मीच्या काही प्रतींवर घरच्या बायकांनी खरीच जर लावलीय, मुकुटावर टिकल्या शिवल्यात, कागदाला सुईची भोकं दिसतात. लिलावात कुठली महाग जाईल ते सांगायला नकोच, पण रोज बघितली गेली ती दुसरी. हळदकुंकूसुद्धा तिलाच लागलं.

किमतीचं म्हणाल तर २०२३ मध्ये मुंबईच्या लिलावात रविवर्म्याचं यशोदा-कृष्ण ३८ कोटींना गेलं. यात कायद्याचाही एक भाग आहे. १९७२ च्या पुरातन वस्तूंच्या कायद्याखाली रविवर्म्याची चित्रं राष्ट्रीय कलाठेवा ठरलीत, त्यामुळे विकत घ्या, घरात लावा, देशाबाहेर न्यायची नाहीत. म्हणजे इथल्या चित्राला गिऱ्हाईक इथलंच. आणि ते घेतल्यावर बैठकीत लावायचं की म्युझियमला दाखवायला द्यायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं. बाहेर जाण्यापासून चित्र वाचलं, कुलपापासून नाही, आणि माझ्या मते खरी पंचाईत तिथेच आहे.

(दृश्य : कीर्ती मंदिर, मग तांबेकर वाडा)

भिंतीवरच्या चित्रांचं मात्र असलं काही होत नाही, कारण भिंत सुटकेसमध्ये मावत नाही. कीर्ती मंदिरात, म्हणजे गायकवाडांच्या स्मारकात, नंदलाल बोस यांनी चारी भिंती रंगवल्या, गंगावतरण, मीरा, महाभारताचं युद्ध. आणि रावपुऱ्यातला तांबेकर वाडा, दिवाण भाऊ तांबेकरांचा. लाकडी वाडा, आत १९ व्या शतकातली भित्तिचित्रं, कृष्णलीला आहे, महाभारत आहे, आणि इंग्रज-मराठ्यांची लढाईसुद्धा, छतापासून खालपर्यंत नुसती माणसंच माणसं. वाडा आता पुरातत्त्व खात्याकडे आहे. याला बोली लागणार नाही, परदेशात कोणी नेणार नाही, पण ओल आणि वाळवी यांना लिलाव लागत नाही, त्यामुळे बघायचं असेल तर उन्हाळ्याच्या सुट्टीची वाट बघू नका. सकाळीच जा, आणि गाडी लांब लावा, रावपुऱ्यात पार्किंग मिळत नाही.