रस उकळायचा की पिळायचा?

संयोजकांनी मला दिलेला विषय आहे ‘आधुनिक वैद्यकात प्रतिबंधक आणि पर्यायी उपचारांचं स्थान’. त्यातल्या ‘आणि’शी माझं भांडण आहे. लस टोचणं, रक्तदाब मोजणं, तंबाखू सोडवणं ही आम्हा डॉक्टरांची घरची कामं. ती पर्यायी उपचारांच्या कप्प्यात कधी जाऊन बसली? दोष आमचाच आहे म्हणा, पण त्याकडे नंतर येतो. आधी एका जहाजावर जाऊ.

१७४७ साली ब्रिटिश नौदलाच्या ‘सॅलिसबरी’ जहाजावर जेम्स लिंड नावाचा सर्जन होता. स्कर्व्ही झालेले १२ खलाशी त्याने निवडले. हिरड्या कुजलेल्या, अंगावर डाग, गुडघ्यांत बळ नाही. रोजचं जेवण सगळ्यांना एकच, पण औषध दोघादोघांना वेगळं. कोणाला सायडर, कोणाला व्हिनेगर, कोणाला पातळ केलेलं गंधकाम्ल. दोघा बिचाऱ्यांच्या वाट्याला समुद्राचं पाणी आलं. एका जोडीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू. सहा दिवसांत फळं संपली, पण तेवढ्यात त्यातला एक जण कामावर परतण्याइतका सुधारला आणि दुसऱ्याला इतरांच्या शुश्रूषेला लावलं.

लिंबाचा गुण खलाशांच्या कानावर आधीपासून होता. लिंडने तो इतर पाच उपायांच्या शेजारी ठेवून पाहिला, एवढंच. पण ‘एवढंच’ म्हणजे फार झालं. गंमत पुढची आहे. फळं टिकत नाहीत म्हणून त्याने रस आटवून ठेवायची युक्ती सुचवली, आणि ज्याच्या अभावाने स्कर्व्ही होतो ते क जीवनसत्त्व आचेवर बरंचसं नाहीसं होतं. त्या बिचाऱ्याला ते कळणार कसं? जीवनसत्त्व हा शब्दसुद्धा तेव्हा जन्माला यायचा होता. नौदलाने लिंबाचा रस द्यायचं ठरवलं ते १७९५ साली. लिंड आदल्याच वर्षी वारला होता.

आता याच आचेची उलटी गोष्ट. चिनी संशोधक यूयू तू यांचा गट मलेरियावर औषध शोधत होता. जुने ग्रंथ चाळून त्यांनी २०० च्या आसपास वनस्पतींचे अर्क तपासले. छिंगहाव ही त्यातली एक, आणि मोठी लहरी. एकदा गुण यायचा, पुढच्या खेपेला नाही. मग चौथ्या शतकातल्या गे होंग यांच्या ग्रंथातली एक ओळ त्यांनी पुन्हा वाचली : मूठभर वनस्पती पाण्यात भिजवा, पिळा, रस प्या. उकळा असं कुठे म्हटलेलंच नव्हतं. त्यांनी कमी तापमानाला ईथरने अर्क काढला आणि १९७१ मध्ये तो उंदरांच्या मलेरियावर पुरता लागू पडला. रुग्णांना देण्याआधी त्यांनी तो स्वतः घेतला. २०१५ साली त्यांना नोबेल मिळालं. छिंगहावमधल्या त्या गुणकारी द्रव्याला, आर्टेमिसिनिनला, आज कोणी पर्यायी औषध म्हणत नाही. आणि हो, त्याच ग्रंथांतल्या इतर कितीतरी वनस्पती याच चाळणीतून खाली पडल्या. ‘हजारो वर्षांची परंपरा’ म्हणणारे हा भाग सांगायचा विसरतात.

आता आमचा दोष. २००२ साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. मधुमेहाच्या उंबरठ्यावरची ३२३४ माणसं. नुसत्या दिखाऊ गोळीच्या तुलनेत मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या औषधाने मधुमेह होण्याचं प्रमाण ३१ टक्क्यांनी घटलं, तर आहार-व्यायामाने ५८ टक्क्यांनी. हा आकडा आम्ही भाषणांत टाळ्यांसाठी वापरतो. त्या दुसऱ्या गटाला काय मिळालं, ते सांगत नाही. प्रत्येकाला स्वतंत्र मार्गदर्शक, समोरासमोर १६ धडे, वजन ७ टक्के उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम करायचा हे ठरलेलं. आम्ही मात्र चिठ्ठी लिहिता लिहिता, मान वर न करता म्हणतो, “वजन कमी करा.” मेटफॉर्मिनचा डोस असा मोघम लिहिला, तर औषधवाला चिठ्ठी परत पाठवेल. पलीकडे पर्यायीवाला तासभर बसवून ऐकून घेतो. माणसं तिकडे का जातात, हे विचारायला वेगळा अभ्यास कशाला हवा?

माझी एक रुग्ण होती. रक्त पातळ ठेवायला वॉरफेरिन चालू. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आयएनआर वर्षभर स्थिर, मग तो अचानक घसरला. मी डोस वाढवला, तरी हलेना. गोळ्या चुकवता का, म्हणून मी तिच्यावर जरा चिडलोही. तिसऱ्या खेपेला तिने पिशवीतून एक बाटली काढून टेबलावर ठेवली. सेंट जॉन्स वर्टच्या कॅप्सूल. ही वनस्पती यकृताला वॉरफेरिन भराभर मोडायला लावते. मी म्हटलं, “हे आधी का नाही सांगितलंत?”

“तुम्ही औषधं विचारलीत. हे तर झाडपाल्याचं आहे.”

कॅप्सूल हळूहळू बंद केल्या, डोस पुन्हा बसवला. उठताना ती म्हणाली, “पण डॉक्टर, मी त्या झोप येत नाही म्हणून घेत होते. त्याचं काय?”

बाहेर रांग होती. मी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, “कधीपासून येत नाही?”