जुनं खत म्हणजे कुजलेलं खत नव्हे

नमस्कार मंडळी. मला आज शेणखताबद्दल बोलायचंय, आणि आधीच सांगते, मी शेणखताच्या विरोधात अजिबात नाहीये, उलट मातीला त्याच्यासारखं दुसरं काही नाही असंच माझं मत आहे. पण एक वाक्य इतक्या वेळा कानावर पडतं की आता गप्प बसवत नाही. "अहो ते सहा महिन्यांचं खत आहे, एकदम जुनं, बिनधास्त टाका." जुनं आहे हो, पण कुजलंय का? या दोन गोष्टी एक नाहीत, आणि आजचं माझं सगळं बोलणं याच फरकावर आहे.

आधी शेणात असतं काय ते बघू. साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर, लिस्टेरिया, क्रिप्टोस्पोरिडियम, आणि ई. कोलाय, हे सगळे डोळ्यांना न दिसणारे जंतू. ई. कोलाय तर आपल्या सगळ्यांच्याच पोटात असतो, बहुतेक निरुपद्रवी, पण त्याचा ओ१५७ नावाचा एक प्रकार आहे तो भयंकर. या जंतूचं विष माणसाच्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या पेशींना चिकटतं, आधी रक्ताचे जुलाब होतात आणि लहान मुलांमध्ये पुढे किडनी बंद पडण्यापर्यंत जाऊ शकतं. पोटात जायला जंतू किती लागतात, तर शंभराच्या आतही पुरतात. आणि गाईला? काही होत नाही. तिच्या आतड्यातल्या रक्तवाहिन्यांवर या विषाला चिकटायला जागाच नसते, त्यामुळे गाय मस्त रवंथ करतेय, दूध देतेय, आणि शेणातून जंतू बाहेर टाकतेय. म्हणजे "आमची जनावरं एकदम तब्येतीत आहेत" हे ऐकून खताबद्दल काहीच कळत नाही.

कॅनडात ओंटारिओ प्रांतात वॉकरटन नावाचं गाव आहे, जेमतेम 5 हजार वस्तीचं. मे 2000 मध्ये तिथे काही दिवस जोराचा पाऊस झाला. गावाला पाणी देणारी एक विहीर उथळ होती, जवळच गुरांचं शेत होतं, तिथे शेणखत टाकलेलं होतं आणि पावसाबरोबर त्यातले जंतू विहिरीत उतरले. पाण्यात क्लोरीन पुरेसं नव्हतं. सुमारे 2300 लोक आजारी पडले, 7 माणसं गेली. पुढे सरकारी चौकशी झाली, तेव्हा त्या शेतकऱ्याला दोष दिला नाही, कारण त्याने खत चांगल्या पद्धतीनेच हाताळलं होतं! मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. कुणी मुद्दाम घाण केलेली नव्हती, पाणी पुरवणाऱ्यांकडून निष्काळजीपणा झाला, विहिरीची जागा चुकीची होती, आणि खत, पाऊस, विहीर एका रेषेत आले.

आता मूळ मुद्दा, जुनं आणि कुजलेलं. ओ१५७ वर एक प्रयोग झालेला आहे, मेंढ्यांच्या लेंड्यांचा ढीग नुसता पडू दिला, हात लावला नाही, तर जंतू 21 महिने जिवंत सापडले. पावणेदोन वर्षं! तशाच लेंड्यांच्या ज्या ढिगात हवा खेळवली त्यात ते 4 महिन्यांपर्यंतच टिकले. म्हणजे वय बघून उपयोग नाही, ढिगात घडलं काय ते बघायचं.

मग घडायला काय हवं? उष्णता. हवेवर जगणारे सूक्ष्मजीव शेण आणि पालापाचोळा खातात, खाताना उष्णता सोडतात, ढीग पुरेसा मोठा असेल तर ती आत कोंडते आणि तापमान 55 अंशांच्या वर जातं. असा ढीग सकाळच्या गारव्यात फोडून बघा. वरचा वीतभर थर थंड, काळपट, ओलसर, त्याच्या खाली गेलात की भसकन वाफ वर येते, आणि आत राखेसारखे पांढुरके धागे दिसतात, कुणाला वाटतं बुरशी लागली, खराब झालं, पण नाही, ते गरमीत वाढणारे ॲक्टिनोमायसीट्स नावाचे जिवाणू आहेत, काम नीट चालू असल्याची खूण आहे. हात आत घालाल तर क्षणात मागे घ्याल. पण तो वरचा वीतभर थर आठवा. तो थंडच राहिला ना? त्यातले जंतू अजून जिवंतच आहेत. म्हणून ढीग पलटायचा, बाहेरचं आत, आतलं बाहेर, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. अमेरिकेतल्या सेंद्रिय शेतीच्या नियमात उघड्या लांबट ढिगासाठी 55 अंशांच्या वर 15 दिवस आणि त्या काळात निदान 5 वेळा पलटणं असं लिहिलंय, आणि कच्चंच शेण टाकायचं असेल तर मातीला टेकणाऱ्या पिकाच्या काढणीआधी 120 दिवस, न टेकणाऱ्याच्या आधी 90 दिवस. लांब दांड्याचा थर्मामीटर मिळतो, तो घ्या, मी कळकळीने सांगते, नाकाने आणि डोळ्यांनी हे कळत नाही. ओलाव्याचं मात्र हाताने कळतं, मूठभर दाबा, बोटं ओली व्हायला हवीत पण पाणी गळता कामा नये.

आणि तयार खतावर ताज्या शेणाचं फावडं फिरवू नका प्लीज. तसंच ताज्या शेणाच्या ढिगातून वाहून आलेलं पाणीही तयार ढिगापर्यंत पोचू देऊ नका. साल्मोनेला एकदा मेला तरी बाहेरून परत शिरला आणि ओलावा मिळाला की पुन्हा वाढतो, पंधरा दिवसांची मेहनत पाण्यात.

मघाशी एका ताईंनी विचारलं की गरम केलं म्हणजे सगळंच गेलं ना? नाही ताई. जंतू जातात. जनावराला दिलेल्या औषधाचा मोठा भाग शेण-मूत्रातून तसाच बाहेर पडतो आणि ढिगात येतो, त्यातली काही अँटिबायोटिक्सही बऱ्यापैकी मोडतात, जसं टेट्रासायक्लिनचं प्रमाण ढिगात कमी होतं. पण धातू कुठे जाणार? डुकरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात तांबं आणि जस्त घालतात, ते शेणातून खतात येतं, आणि खत कुजताना ढीग आक्रसतो, वजन कमी होतं, धातू मात्र तेवढाच राहतो, म्हणजे किलोमागे वाढतो! कोंबड्यांना रॉक्सारसोन नावाचं आर्सेनिकवालं औषध देत, अमेरिकेत 2011 मध्ये त्याची विक्री थांबवली, पण तोवर कित्येक वर्षं ते कोंबडीखतातून मातीत जात होतं.

आणखी एक, याच्याबद्दल फार कमी लोकांना माहीत असतं. गवताच्या कुरणावर अमिनोपायरॅलिड हे तणनाशक मारतात, जनावर ते गवत खातं, तणनाशक पोटातून जवळपास जसंच्या तसं बाहेर येतं, खत छान काळं, भुसभुशीत दिसतं, आणि मग टोमॅटोची पानं चमच्यासारखी वळतात, शेंडे पिळवटतात. 2008 मध्ये ब्रिटनमध्ये हे इतक्या बागांत झालं की त्या तणनाशकाची विक्री काही काळ थांबवावी लागली होती. थर्मामीटर इथे काही सांगणार नाही. त्यासाठी तीन-चार कुंड्यांत ते खत मातीत मिसळा, तीन-चार कुंड्यांत नुसती माती ठेवा, सगळ्यांत घेवड्याचं बी पेरा आणि तीन आठवडे थांबा. खताच्या कुंडीतली पानं वाकडी आली तर ते खत वाफ्यात टाकू नका.