महामार्गावर थरथरणारे स्टिअरिंग

श्रोतेहो, नमस्कार.

एरवी सुरळीत चालणारी गाडी महामार्गावर ताशी ८० किलोमीटरच्या पुढे गेली की तिचे स्टिअरिंग थरथरू लागते, ९५ च्या आसपास ही थरथर जोर धरते आणि आणखी वेग वाढवला तर पुष्कळदा ती कमीही होते. ही तक्रार घेऊन गॅरेजमध्ये जाणारे बहुतेक जण प्रथम व्हील अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याचे काम, करून घेतात, आणि तिथेच पैसे वाया जायला सुरुवात होते. अलाइनमेंट बिघडले तर गाडी एका बाजूला ओढली जाते, टायर एका कडेने झिजतात. परंतु ठरावीक वेगालाच येणारी थरथर त्यामुळे सहसा निर्माण होत नाही. म्हणून गाडी जॅकवर चढवण्याआधी चालकाने स्वतःच काही गोष्टी नीट पाहून ठेवाव्यात, असे माझे मत आहे.

पहिली गोष्ट म्हणजे कंप कशाबरोबर बदलतो. साधारण मोटारीचा टायर एका फेरीत सुमारे दोन मीटर अंतर कापतो. म्हणजे ताशी १०० किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला जवळजवळ १४ वेळा फिरते. रिमच्या कडेला, मध्यापासून २० सेंटीमीटरवर, केवळ ३० ग्रॅम वजन जास्त असेल, तर या वेगाला ते चाकाला साडेचार किलो वजनाइतक्या जोराने बाहेर ओढते, आणि या ओढीची दिशा चाकाबरोबर फिरत राहते. वेग निम्मा केला तर हा जोर एक चतुर्थांश उरतो. गावातल्या रस्त्यावर काहीच का जाणवत नाही, त्याचे एक कारण हे. दुसरे कारण असे की चाक, हब (चाक ज्यावर बसते तो भाग) आणि सस्पेन्शन (चाकांना गाडीशी जोडणारी, हादरे झेलणारी रचना) यांच्या जोडणीची स्वतःची कंपनसंख्या, म्हणजे ती सेकंदाला जितक्या वेळा आपोआप थरथरू पाहते ती संख्या, महामार्गावरील वेगाला चाकाच्या फेऱ्यांच्या जवळपास येते. दोन्ही जुळले की थरथर फुगते आणि वेग पुढे गेला की ओसरते. ठरावीक वेगाला येऊन जाणारी थरथर असेल, तर पहिला संशय चाकाच्या असंतुलनावर घ्यावा.

दुसरी गोष्ट, कंप कुठे जाणवतो. स्टिअरिंग हलत असेल तर दोष बहुधा पुढच्या चाकांत असतो. आसन आणि तळ हलत असेल तर मागच्या. हा नियम ढोबळ आहे, पण कामाला येतो. मोकळ्या, सरळ रस्त्यावर त्याच वेगात ॲक्सिलरेटरवरून पाय काढून पाहावा. थरथर तशीच राहिली तर दोष चाकांकडे आहे; जोर देतानाच येत असेल आणि पाय काढताच थांबत असेल, तर ड्राइव्ह शाफ्टच्या (इंजिनाची शक्ती चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या) आतल्या सांध्याकडे पाहावे लागते. चालत्या गाडीचे इंजिन बंद करून असली परीक्षा कधीही घेऊ नये, कारण त्याबरोबर ब्रेक आणि स्टिअरिंग यांना मिळणारी मदतही जाते. केवळ ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग हलत असेल, तर प्रश्न ब्रेक डिस्कचा, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या आणि ब्रेक ज्यावर आवळतो त्या चकतीचा, असतो. डिस्कच्या जाडीत मिलिमीटरच्या काही शतांश भागाइतका फरकही त्याला पुरतो.

आता चाकांकडे वळू. बॅलन्सिंगचे, म्हणजे चाकाचे वजन सगळीकडे सारखे करण्यासाठी रिमला लावलेले, शिशाचे किंवा लोखंडी वजन गळून पडले आहे का, रिमच्या आत चिखल वाळून बसला आहे का, हे नुसत्या डोळ्यांनी दिसते, आणि चिखल धुऊन टाकल्यावर थरथर गेल्याची उदाहरणे कमी नाहीत. टायरच्या बाजूवर किंवा नक्षीवर फुगवटा दिसला, तर आतील थर सुटले असण्याची शक्यता असते. असा टायर महामार्गावर फुटू शकतो, म्हणून त्यावर पुढचा प्रवास न करता तो ताबडतोब बदलावा. बॅलन्सिंग करूनही कंप राहिला, तर रिम वाकलेली आहे का किंवा टायर पूर्ण गोल आहे का, हे यंत्रावर चाक फिरवून पाहण्याचा आग्रह धरावा. संतुलित चाकसुद्धा गोल नसेल तर हादरे देते, आणि नेमकी हीच गोष्ट घाईच्या कामात राहून जाते. हबवर गंज साचल्याने चाक नीट बसले नसेल किंवा नट एकाच बाजूने आवळले असतील, तरी परिणाम तोच होतो. नट समोरासमोरच्या क्रमाने आणि टॉर्क पान्याने (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) आवळायला हवेत.

हे सगळे झाल्यावरच सांध्यांकडे जावे. गाडी भक्कम स्टँडवर उचलून चाक वरून-खालून धरून हलवले आणि ढिलाई जाणवली, तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट (चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा गोलाकार सांधा) संशयित ठरतो. डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर जाणवली, तर टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या टोकाचा सांधा. मात्र एक सांगितले पाहिजे: झिजलेला सांधा बहुधा थरथर निर्माण करत नाही, तो चाकातली लहानशी थरथर मोठी करून स्टिअरिंगपर्यंत पोचवतो. त्यामुळे सांधा बदलल्यावर कंप कमी झाला, तरी चाकातला मूळ दोष राहून जाऊ शकतो. दुरुस्तीनंतर त्याच रस्त्यावर, त्याच वेगात गाडी चालवून मगच काम पूर्ण झाल्याचे मान्य करावे.