वेस्ली क्रशर एवढा का खुपतो?

(फोंड्यातल्या एका वाचनालयात 'स्टार ट्रेक' या अमेरिकी विज्ञानकथा मालिकेचा एक भाग दाखवल्यानंतर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन.)

नमस्कार मंडळी. भाग संपून दिवे लागले आणि चहा यायच्या आधीच इथे दोन तट पडले. उजवीकडच्यांचं म्हणणं, पोरगा शेवटी खरं बोलला, मानलं पाहिजे. डावीकडून लगेच उत्तर आलं, "कसलं खरं? कप्तान पिकार्डने मानगूट धरली म्हणून बोलला!" म्हणजे माझं निम्मं काम तुम्हीच करून टाकलंत. उरलेलं निम्मं मी करतो.

पन्नाशीच्या पुढच्यांना ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर लागणारा मूळ 'स्टार ट्रेक' आठवत असेल, टोकदार कानांचा स्पॉक आठवत असेल. आज पाहिलं ते त्यानंतरचं, 'द नेक्स्ट जनरेशन', १९८७ ते १९९४ अशी सात पर्वं चाललेली मालिका. आजचा भाग 'द फर्स्ट ड्यूटी', पाचव्या पर्वातला, अमेरिकेत मार्च १९९२ मध्ये दाखवला गेलेला. आणि ज्याच्यावरून तुम्ही भांडताय तो वेस्ली क्रशर, एंटरप्राइज या अंतराळजहाजावरच्या डॉक्टरीणबाईंचा मुलगा. या पात्रावर प्रेक्षक जितके चिडले तितके मालिकेतल्या खलनायकांवरही चिडले नसतील. का, हे समजून घेतल्याशिवाय आजच्या भागाची गंमत कळायची नाही.

पहिल्या पर्वात हा जेमतेम पंधरा वर्षांचा मुलगा. जहाजावर शेकडो शिकलेसवरलेले अधिकारी, आणि संकट आलं की उपाय सापडतो याला. ट्रॅव्हलर नावाचा एक परग्रहवासी येतो आणि कप्तान पिकार्डला बाजूला घेऊन सांगतो की हा मुलगा साधा नाही, मोझार्टच्या तोडीचा आहे. झालं! पिकार्ड त्याला हंगामी एन्साइन, म्हणजे कनिष्ठ अधिकारी, करून टाकतो. परीक्षा नाही, प्रशिक्षण नाही, थेट सुकाणूवर. मालिकेचा कर्ता जीन रॉडेनबेरी, त्याचं पूर्ण नाव युजीन वेस्ली रॉडेनबेरी. आपलं मधलं नाव त्याने या पोराला दिलं. आता ओळखा लाड कुणाचे चालले होते ते.

गोव्यात हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. जत्रेच्या नाटकाला अध्यक्षांच्या पुतण्याला नायकाचा पार्ट मिळतो तेव्हा मांडवात काय कुजबुज होते, तुम्ही सगळ्यांनी ऐकलीय. पुतण्या कधी कधी बरा कामही करतो. पण लोक त्याचं काम बघतच नाहीत, पार्ट कसा मिळाला ते बघत बसतात. प्रत्येक टाळीवर संशय. वेस्लीचं पहिल्या दिवसापासून हेच झालं.

आणि या रागात प्रेक्षक किती अन्यायाने वागले, त्याचा दाखला जानेवारी १९८८ च्या 'डेटालोर' या भागात आहे. डेटा या यंत्रमानवाच्या जागी त्याचा दुष्ट जुळा भाऊ लोर जहाजावर वावरत असतो. हे कुणाच्या लक्षात येतं? वेस्लीच्या. तो सांगायला जातो तर पिकार्ड त्याला सगळ्यांसमक्ष गप्प बस म्हणतो, आणि लागलीच त्याची सख्खी आईही तेच म्हणते. त्याच प्रसंगात मुलगा एक नेमकी गोष्ट बोलतो: हेच मी मोठा अधिकारी असतो तर तुम्ही ऐकून घेतलं असतं. मुलाचं शंभर टक्के बरोबर होतं. पण चाहत्यांनी त्या भागातून काय उचललं, तर कप्तानाने पोराला गप्प केल्याचं ते वाक्य. वर्षानुवर्षं ते वाक्य टिंगलीला वापरलं गेलं. मला विचाराल तर हा लेखकांचा दोष. बरोबर ठरण्याची किंमत त्यांनी वेस्लीला कधी मोजायलाच लावली नाही. भागाच्या शेवटी हिशेब साफ, पुढच्या आठवड्यात पोरगा पुन्हा ताजातवाना.

यात भरडला गेला तो नट, विल व्हीटन. १९७२ चा जन्म, म्हणजे मालिका सुरू झाली तेव्हा पंधरा वर्षांचा. लेखकांवरचा राग लोकांनी त्या मुलावर काढला आणि तो आपल्याला किती लागला हे त्याने मोठेपणी उघडपणे सांगितलंय. चौथ्या पर्वात तो मालिकेतून बाहेर पडला, वेस्लीची रवानगी स्टारफ्लीटच्या, म्हणजे मालिकेतल्या अंतराळ दलाच्या, अकादमीत झाली. ऑक्टोबर १९९१ मध्ये रॉडेनबेरी वारला. त्याच महिन्याच्या अखेरीस 'द गेम' या भागात वेस्ली पाहुणा म्हणून एकदा येऊन गेला, आणि काही महिन्यांनी पुन्हा आला, तोच हा आजचा भाग. या वेळी त्याला पाठीशी घालणारं कुणी नव्हतं.

गोष्ट तुमच्या डोळ्यांसमोर ताजी आहे, तरी दुवे जुळवून घेऊ. अकादमीतली पाच जणांची नोव्हा स्क्वॉड्रन, सगळ्यांच्या कौतुकाची टीम. शनीजवळ सराव करताना अपघात होतो, पाचही यानं नष्ट, चौघे वाचतात, जोशुआ अल्बर्ट जातो. चौकशीत टीमचा पुढारी निक लोकार्नो सांगतो की जोशुआ घाबरला, त्याची चूक झाली. खरी गोष्ट अशी की दीक्षांत समारंभात डोळे दिपवायला हे कोलव्होर्ड स्टारबर्स्ट नावाची कसरत करत होते. पाच यानांनी एकमेकांपासून दहा मीटरच्या आत आडवं जायचं आणि मागे प्लाझ्मा पेटवून आकाशात तारा उमटवायचा. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी तिच्यात पाचच्या पाच विद्यार्थी गेले होते आणि तेव्हापासून तिच्यावर बंदी होती.

इथे मघाशी वास्कोहून आलेल्या एका ज्येष्ठांनी हळूच एक आठवण काढली. १ ऑक्टोबर २००२. दाबोळीला नौदलाच्या स्क्वॉड्रनच्या पंचविसाव्या वर्धापनदिनी दोन आयएल-३८ विमानं हवेत एकमेकांवर आदळली. दोन्ही विमानांतले सगळे गेले, खाली जमिनीवरची माणसंही गेली. तिथे असली लपवाछपवी नव्हती, तो निव्वळ अपघात, आणि या गोष्टीशी त्याची तुलना करायची नाही, हे त्यांनीच बजावलं. पण ज्याने ते ऐकलंय, पाहिलंय, त्याला यानं जवळून उडवण्याची चित्रं निव्वळ करमणूक म्हणून बघता येत नाहीत. बरोबर आहे त्यांचं.

आता माझ्या मते या भागाचा कणा कुठे आहे ते सांगतो. सगळे बोलतात ते पिकार्डच्या खोलीतल्या प्रसंगावर. स्टारफ्लीटच्या अधिकाऱ्याचं पहिलं कर्तव्य सत्याशी, मग ते विज्ञानातलं असो, इतिहासातलं असो की स्वतःच्या वागण्यातलं, असं पिकार्ड सुनावतो. भाषण दमदार आहे, नट पॅट्रिक स्ट्यूअर्ट आहे, प्रश्नच नाही. पण ते जरा जास्तच घोटीव आहे. वक्तृत्व स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळावं असं.

त्याच्यापेक्षा एक लहानसा प्रसंग बघा. जोशुआचे वडील वेस्लीच्या खोलीवर येतात. स्वतः स्टारफ्लीटमधले अधिकारी. मुलाचं सामान आवरताना त्यांना वेस्लीचा स्वेटर सापडलाय, जोशुआने कधीतरी मागून नेलेला. तो परत द्यायला आलेत. मुलगा जाऊन किती दिवस झालेत, आणि माणूस उसना स्वेटर परत करतोय! आणि जाता जाता ते वेस्लीची क्षमा मागतात. माझ्या मुलाने तुम्हा सगळ्यांना तोंडघशी पाडलं, त्याबद्दल. ज्याने खोटं बोलून त्यांच्या मुलाच्या माथी दोष मारला, त्याचीच. वेस्ली स्वेटर हातात घेऊन उभा. बोलायला तोंड उघडतो, शब्द फुटत नाही. पहिल्या पर्वात ज्याच्याकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तयार असायचं तो हा मुलगा.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा वेस्लीसमोर असं बिल ठेवलं गेलं जे हुशारीने फेडता येत नाही. त्याच्यावर चिडणारा प्रेक्षक इथे पहिल्यांदा त्याच्या बाजूने नाही तरी त्याच्या शेजारी जाऊन बसतो. दुय्यम पात्राला किती येतं यावर आपण जीव टाकत नाही, त्याचं काय जातं यावर टाकतो, असं मी गेली कित्येक वर्षं म्हणत आलोय.

म्हणून डाव्या बाजूचा आक्षेप मला फार टोचत नाही. पिकार्डने धमकी दिली हे खरंच, तू सांगितलं नाहीस तर मी सांगेन. पण चौकशीचा शेवट नीट आठवा. अ‍ॅडमिरल ब्रँड स्पष्ट म्हणते की तुम्ही खरं सांगत नाही असा आम्हाला संशय आहे, पण पुरावा नाही. समज द्यायची, उडायचा परवाना काढून घ्यायचा, प्रकरण मिटवायचं. पिकार्डजवळ होता तो तर्क, प्लाझ्मा पेटवल्याशिवाय यानातली ती झडप उघडी राहायचं कारण नाही, एवढाच. वेस्ली पुढचा अर्धा मिनिट खुर्चीत बसून राहिला असता तर लोकार्नो बहुधा सुटलाच असता. तो उठला.

यावर फर्मागुडीला इंजिनिअरिंग करणाऱ्या या मुलीने मला मघाशी पेचात पकडायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, "सर, मग लोकार्नोचं काय? त्याने शेवटी सगळं स्वतःवर घेतलं. बाकीच्यांचं एक वर्ष गेलं, तो एकटा कायमचा बाहेर. टीमसाठी जो शेवटपर्यंत उभा राहिला तो वाईट, आणि ज्याने मित्रांना उघडं पाडलं तो चांगला?" प्रश्न फार चांगला आहे, आणि तो लिहिणाऱ्यांनाही पडला होता. भाग लिहिला रोनाल्ड मूर आणि नरेन शंकर यांनी. शंकर हे भारतीय वंशाचे, कॉर्नेल विद्यापीठाचे डॉक्टरेट, पुढे 'द एक्सपान्स' ही मालिका चालवणारे. वेस्लीने मित्रांचा शब्द मोडू नये असं मूरचं मत होतं, त्याने खरंच बोललं पाहिजे असं वरिष्ठ लेखक मायकल पिलरचं. पिलरचं चाललं. म्हणजे तुमचं आजचं भांडण कागदावरही होऊन गेलंय.

माझं उत्तर असं, बाय. लोकार्नोने शेवटी जे केलं त्याला मीही मान देतो, पिकार्डसुद्धा देतो. पण तो ज्या टीमला वाचवत होता ती चौघांची. पाचवा मेला त्या क्षणी त्याने त्याला टीममधून काढून टाकलं, आणि वर त्याचंच नाव पुढे केलं. मेलेला उलट बोलत नाही ना! वेस्लीने खरं सांगितलं तेव्हा टीम पुन्हा पाचांची झाली. मित्राला दगा कुणी दिला हे ठरवताना जोशुआलाही मित्रांत मोजा, मग पारडं कुठे झुकतं ते बघा. तुला पटलं नसेल, चेहऱ्यावर दिसतंय. हरकत नाही.

लोकार्नोवर तुमचा जीव जडण्यामागे नटाचाही हात आहे. रॉबर्ट डंकन मॅकनील. १९९५ ला 'व्हॉयेजर' ही 'स्टार ट्रेक'चीच पुढची मालिका सुरू झाली तेव्हा हाच नट टॉम पॅरिस म्हणून आला, जवळजवळ तोच भूतकाळ घेऊन: चुकीमुळे माणसं मेली, आधी खोटं बोलला. फरक एवढाच की पॅरिस नंतर आपणहून खरं सांगतो. मधे फक्त तेवढं एक कबुलीचं पाऊल, आणि त्याला सात पर्वांची नोकरी लागली!

आणि सीटो जाक्सा. त्या चौघांतली बजोरन, म्हणजे बजोर ग्रहावरची, मुलगी, आज तिच्याकडे कुणी फारसं पाहिलंही नसेल. १९९४ च्या 'लोअर डेक्स' या भागात ती एंटरप्राइजवर कनिष्ठ अधिकारी म्हणून येते. पिकार्ड तिला जुन्या प्रकरणावरून सोलून काढतो, मग कळतं की तिची तयारी बघत होता. तिला कार्डेशियन या परग्रहवासीयांच्या हद्दीत कामगिरीवर पाठवलं जातं आणि ती परतत नाही. एवढंच. मोजून दोन भागांतली मुलगी, पण चाहते अजून तिच्यासाठी हळहळतात. वेस्लीचे ऐंशीच्या घरात भाग, मोझार्टची उपमा, खुद्द निर्मात्याचं नाव, आणि त्याच्या वाट्याला काय आलं ते आपण पाहिलंच. पुढे 'लोअर डेक्स' याच नावाने व्यंगपट मालिका निघाली, तिने २०२३ मध्ये लोकार्नोला परत आणलं, चक्क खलनायक करून. सीटोची आठवण तिथेही आहे. एकतीस वर्षांनी लेखकांनाही हे प्रकरण सोडवेना.

वेस्लीचं पुढे काय झालं ते सातव्या पर्वातल्या 'जर्नीज एंड'मध्ये आहे. तो अकादमी सोडून त्या ट्रॅव्हलरबरोबर निघून जातो. मला तो शेवट आवडत नाही. ज्याला नुकतं जमिनीवर आणलं होतं त्याला पुन्हा देवत्वाच्या वाटेला लावलं. वर्ष फुकट गेलेला, मागच्या वर्गातल्या पोरांबरोबर बसणारा वेस्ली मला बघायचा होता, तो कुणी लिहिलाच नाही.

पुढच्या महिन्यात आपण 'लोअर डेक्स'चा तो १९९४ चा भाग दाखवणार आहोत. प्रश्न असतील तर आता विचारा. लोकार्नोवर विचारणार असाल तर आधी माशेलच्या शेवटच्या बसची वेळ बघून घ्या.