उतरलेली पट्टी

मित्रांनो, म्हाताऱ्या झालेल्या रॉक बँडच्या कॉन्सर्टबद्दल बोलायचं तर सुरुवात एका प्रश्नापासूनच करावी लागते, कारण तो मला अनेक वर्षं विचारला जातोय. ‘आता त्यांच्यात राहिलंय काय? त्यापेक्षा घरी बसून रेकॉर्ड ऐक की!’ विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. त्याला वाटतं, पंचविशीतल्या माणसाने स्टुडिओत गायलं ते खरं गाणं, आणि पंचाहत्तरीत तो स्टेजवर गातो ती त्याची झिजलेली प्रत. मी रेकॉर्डही चाळीस वर्षं ऐकतोय आणि कॉन्सर्टलाही तितकीच वर्षं जातोय. मला हे पटत नाही. का, ते गिटारच्या तारांपासून सांगतो.

वय झालं की बहुतेक गायकांचे वरचे सूर जातात. की-बोर्डवाल्याला बटण दाबून पट्टी बदलता येते, गिटारवाल्याला तितकं सोपं नसतं. रॉकमधल्या पुष्कळ रिफ (गिटारवर परत परत येणाऱ्या छोट्या धुना) मोकळ्या, म्हणजे बोट न दाबता वाजणाऱ्या, तारेवर बसलेल्या असतात. हात एक घर खाली न्यावा म्हटलं, तर मोकळ्या तारेच्या खाली घरच नाही. मग अख्खी गिटारच उतरवावी लागते, सहाच्या सहा तारा सैल करून. वाजवणारे त्याला ‘हाफ स्टेप डाऊन’ म्हणतात, म्हणजे अर्धा स्वर खाली. कधी त्याहूनही खाली जावं लागतं. तार सैल झाली की आवाज जाड होतो, बेस छातीऐवजी पोटात घुमतो. गाण्याचा रंगच बदलतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चपापलो होतो. तोंडपाठ असलेलं गाणं, आणि पहिला सूरच अनोळखी! पण दुसऱ्या कडव्यापर्यंत कान रुळला आणि लक्षात आलं, की गायक त्या वरच्या सुराकडे धावत नाहीये, त्यावर जाऊन उभा राहतोय. रेकॉर्डवर जी ओळ किंचाळून फेकलेली होती, तिचे शब्द मला त्या रात्री पहिल्यांदा नीट कळले.

तारा उतरवणं ही माघार आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी ‘ब्लॅक सॅबथ’ या बँडचा गिटारवाला टोनी आयोमीकडे बघावं. बर्मिंगहॅमचा हा मुलगा सतरा वर्षांचा असताना कारखान्यात यंत्राखाली त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. आयोमी डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका हाच. त्याने साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या बनवल्या, त्यांवर चामडं चिकटवलं. हलक्या तारा लावल्या, आणि पुढे त्या उतरवायला सुरुवात केली. १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’ या अल्बममध्ये काही गाणी नेहमीच्या पट्टीपेक्षा तीन अर्धस्वर खाली आहेत. ब्लॅक सॅबथचा तो काळाकभिन्न, जड आवाज दुखऱ्या बोटांची सोय बघता बघता सापडलाय, आणि पुढचं सगळं हेवी मेटल त्या आवाजावर उभं आहे.

त्याच सॅबथचा शेवटचा कार्यक्रम ५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानात झाला. मी तो पडद्यावर पाहिला. ड्रमर बिल वॉर्डसकट मूळचे चौघे २० वर्षांनी एकत्र आले होते. गायक ऑझी ऑस्बॉर्न ७६ वर्षांचा, पार्किन्सन्सने शरीर जखडलेलं, सिंहासनासारख्या काळ्या खुर्चीत बसून गात होता. खुर्चीतून उठता येत नव्हतं, पण हात खुर्चीच्या दांड्यांवर आपटत होता, पुढे झुकत होता, डोळे मोठे करून गर्दीला हुकूम सोडत होता. सॅबथची चारच गाणी झाली. १७ दिवसांनी तो गेला. त्या चार गाण्यांत आवाज कुठे कमी पडला याची चर्चा मी नंतर वाचली आणि मला वाईट वाटलं. अहो, तो माणूस आपल्या गावात, आपल्या माणसांसमोर, स्वतःचं गाणं स्वतः संपवून गेला. तिथे सुरांची बेरीज-वजाबाकी कसली करता?

आता रोलिंग स्टोन्सचा ड्रमर चार्ली वॉट्सबद्दल बोलल्याशिवाय मला राहवत नाही. स्टोन्सच्या कॉन्सर्टला लोक गायक मिक जॅगरकडे बघतात, आणि बघण्यासारखा तो आहेच. २०१९ च्या एप्रिलमध्ये हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया झाली आणि जूनमध्ये हा माणूस पुन्हा स्टेजवर पळत होता. पण माझी दुर्बीण कायम चार्लीवर. छोटासा ड्रमसेट, ताठ पाठ, चेहऱ्यावर काही नाही. त्याचा उजवा हात बघायचा. हाय-हॅटवर (दांडीवर बसवलेल्या झांजांच्या जोडीवर) ठेका चालू असताना, डावा हात स्नेअरवर, म्हणजे कडक आवाजाच्या छोट्या ड्रमवर, पडायच्या क्षणी उजवा हात हाय-हॅटवरून अलगद वर उचलला जायचा. दर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला तेवढ्यापुरती हाय-हॅट गप्प. त्या इवल्याशा फटीतून स्नेअर एकटी वाजायची, आणि गाणं तिथे श्वास घ्यायचं. रेकॉर्डवर मी ते वर्षानुवर्षं ऐकत होतो, पण काय ऐकतोय ते कळलं हात डोळ्यांनी पाहिला तेव्हा. २०२१ च्या ऑगस्टमध्ये चार्ली गेला. त्यानंतरच्या स्टोन्सच्या दौऱ्यात कार्यक्रमाची सुरुवात रिकाम्या स्टेजने व्हायची. नुसता ड्रमचा ठेका आणि पडद्यावर त्याचे फोटो. मग त्याच्या जागी ड्रम्सवर स्टीव्ह जॉर्डन येऊन बसायचा. जॉर्डन चार्ली व्हायला गेला नाही, स्वतःच्या हाताने वाजवला, आणि मला तेच योग्य वाटतं.

एका बँडचं नाव घेत नाही. मी दुसऱ्या रांगेत होतो. गायक सत्तरीच्या पुढचा, गाणं त्यांचं सगळ्यांत गाजलेलं, आणि दुसऱ्या कडव्याची पहिली ओळ त्याला आठवेना. गिटारवाला तेच दोन कॉर्ड फिरवत राहिला. फिरवता फिरवता चालत त्याच्याजवळ आला, खांद्याला खांदा लावून उभा राहिला, पण शब्द काही सांगितला नाही. दोन आवर्तनं तशीच गेली. मग मागून कुणीतरी ओळ म्हटली, बघता बघता सगळं मैदान म्हणू लागलं. गायकाने माइक छातीशी धरला आणि आख्खं कडवं ऐकलं, ओठ नुसते हलत होते. तिसरं कडवं त्याने स्वतः उचललं, आणि समेवर आला.

जेनेसिस या बँडच्या २०२१-२२ च्या दौऱ्यात फिल कॉलिन्स खुर्चीत बसून गायचा. मुळात तो ड्रमर, पण पाठीच्या दुखण्याने हातात ड्रमच्या काठ्या धरवेनात. त्याच्या मागे ड्रम्सवर त्याचा मुलगा निक, विशीतला. बापाने बसवलेले ठेके मुलगा वाजवतोय आणि बाप पाठमोरा ते ऐकत गातोय. मी त्या संध्याकाळी फारसं बोललोच नाही.

आणि रश, तिघांचा बँड. २०१५ चा त्यांचा ‘आर फॉर्टी’ दौरा. कल्पना अशी, की कार्यक्रम नव्या गाण्यांपासून सुरू करायचा आणि मागे मागे जायचं. स्टेजही तसंच मागे जायचं. गाणी चालू असतानाच कामगार येऊन एकेक सामान काढून न्यायचे, आणि शेवटी उरायचे खुर्च्यांवर ठेवलेले अ‍ॅम्प्लिफायर, शाळेच्या हॉलमध्ये वाजवणाऱ्या पोरांचे असतात तसे. बघणाऱ्याला ही गंमत वाटते. गाणाऱ्याच्या बाजूने विचार करा. त्यांचा गायक गेडी ली विशीत अतिशय उंच पट्टीत गायचा, म्हणजे सगळ्यांत चढी गाणी ती सगळ्यांत जुनी. उलट्या क्रमाने गायचं म्हणजे साठी ओलांडलेल्या माणसाने ती अवघड गाणी गळा दमल्यावर, रात्रीच्या शेवटी गायची. असा क्रम लावणाऱ्या माणसांना मी मनापासून मानतो. गिटारवाला अ‍ॅलेक्स लाइफसनला सांधेदुखी, ड्रमर नील पिअर्टचे खांदे भरून आलेले, आणि तरी ३५ कार्यक्रम केले.

दौऱ्याचा शेवट १ ऑगस्ट २०१५ ला लॉस एंजेलिसजवळच्या फोरम या बंदिस्त स्टेडियममध्ये झाला. शेवटचं गाणं ‘वर्किंग मॅन’, १९७४ च्या पहिल्या अल्बममधलं, म्हणजे पिअर्ट बँडमध्ये येण्याआधीचं. एरवी कार्यक्रम संपला की तो मागच्या मागे निघून जायचा. त्या रात्री तो ड्रम्सवरून उतरून पुढे आला आणि दोघांच्या गळ्यात हात टाकून उभा राहिला. २०२० च्या जानेवारीत तो गेला.

ली आणि लाइफसन यांनी २०२६ चा दौरा जाहीर केला तो त्याच फोरमपासून. ड्रम्सवर आनिका निलेस. जाहीर झालं त्या दिवसापासून मी एकाच गोष्टीचा विचार करतोय: बहात्तरीचा गेडी ली ‘वर्किंग मॅन’ला उभा राहील, तेव्हा तारा किती उतरवलेल्या असतील, आणि त्या पट्टीत ते गाणं कसं लागेल.